चष्मेवाल्या काकांचा कागद

३ जून

प्रिय शेवाळबाई,

तुझा फोन-बंदीचा नियम मी पाळतोय, हे आधी नोंदवून घे. ‘फोनवर तू भडकतोस, कागदावर लिही, हात दुखेपर्यंत तुझा राग उतरतो,’ असं तू निघताना म्हणालीस. आता दहा महिने लिहितोय. राग उतरतो, बाकी काहीच उतरत नाही.

आज मात्र तुला आनंदाची बातमी द्यायची आहे, म्हणून अक्षर असं उड्या मारतंय.

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका काउंटरमागच्या उंच खुर्चीत बसले होते, नाकाला ती नळी, पायाशी ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरतंय. गिऱ्हाइकांना ते सांगतात, ‘कुत्रं पाळलंय, चावत नाही.’ मी एका आजोबांच्या फ्रेमला स्क्रू बसवत होतो. इतक्यात वकीलबाई आल्या. त्याच, मायनस नऊ नंबरवाल्या, चष्मा काढला की भिंतीला नमस्कार करतात त्या. काकांनीच बोलावलं होतं. त्यांच्या ऑफिसचे तीन जिने काकांना आता चढवत नाहीत.

काकांना एक कागद करायचा आहे. बाई त्याला लिव्हिंग विल म्हणतात. उद्या फुप्फुसं आणखी कडक झाली, काकांना बोलता येईना, आणि डॉक्टर म्हणाले की आता परत फिरणं नाही, तर काय करायचं आणि काय नाही करायचं, ते आधीच लिहून ठेवायचं. घशात नळी घालून श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवायचं नाही, हे पहिलं. आणि त्यांच्या वतीने डॉक्टरांशी बोलणारा एक माणूस नेमायचा.

बाईंनी विचारलं, “कोणाचं नाव?”

काकांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

“हा? कॉलेजात सरांच्या अंगावर धावून गेला आणि दुसऱ्या वर्षातच बाहेर पडला, तोच ना हा?”

“तोच. म्हणून तर.”

“बरं. नातं काय लिहू?”

काका म्हणाले, “होणारा जावई.”

माझ्या चिमट्यातला स्क्रू पडला. मी काउंटरखाली शिरलो आणि तिथेच बसून राहिलो, कारण तोंडावरचं हसू काही केल्या जाईना. वर आलो तर काका म्हणाले, “सापडला का?” मी म्हटलं, हो. सापडलाच नव्हता. आजोबांना दुसऱ्याच फ्रेमचा स्क्रू काढून लावला.

तू जाताना ‘वर्षभर विचार करू दे’ म्हणालीस. कर. पण इकडे तुझ्या बाबांनी वकिलासमोर, निळ्या शाईत लिहूनही टाकलंय की मी तुमचा आहे. मला दुसरं काही नको.

तुझा,
काडेपेटी


१४ जून

काडेपेटी,

वर ‘प्रिय’ लिहिलं नाही, ते विसरून नव्हे.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून वाचलं. माझे बाबा, आपण कसं मरायचं, हे वकिलाला सांगत होते. आणि तू काउंटरखाली बसून हसत होतास. त्या कागदात तुला लग्नपत्रिका दिसली. एवढ्यावरच मला बोलायचं असतं तर फोन केला असता आणि तू म्हणतोस तसे आपण भांडलो असतो.

पण दुसरंही आहे, आणि ते मी मार्चपासून लिहायचं टाळतेय. माझा विचार करून झालाय. मी तुझ्याशी लग्न करणार नाही. दुसरं कुणी नाही, तुझी शप्पथ. तू वाईट नाहीस. पण तुझ्याबरोबर असले की मी सतत हातात पाण्याची बादली घेऊन उभी असते, कुठे काय पेटेल म्हणून. इथे आल्यावर पहिल्यांदा माझे हात रिकामे झाले. दिवसभर मी सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळ बघते. ते कुणावर चिडत नाही. ही चेष्टा नाही.

आता दोन कामं कर. वकीलबाईंना सांग, तुझं नाव काढून माझं घाला. मी त्यांची मुलगी आहे, ते माझं काम आहे. आणि आपलं मोडलंय हे बाबांना सांगू नकोस. डॉक्टर म्हणालेत त्यांना धक्का बसेल असं काही नको. सप्टेंबरच्या बारा तारखेला माझी प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे, ती झाली की येऊन मी स्वतः सांगेन.

राग आला तर फाड. मग पुन्हा वाचायला मिळणार नाही, एवढं लक्षात ठेव.


२ जुलै

शेवाळबाई,

नाही फाडलं. मी लिहिलेली चार फाडली, तुझं नाही.

त्या दिवशी मी दुकानाची ट्रायल फ्रेम, डोळे तपासताना काचा घालून बघायची ती, आपटली. वाकली. काकांनी ती दोन दिवस बसून सरळ केली आणि विचारलंसुद्धा नाही काय झालं. नुसतं म्हणाले, “लेका, आपटायचंच असेल तर पाटी आपट, ‘दुपारी एक ते तीन बंद’वाली. ती मलाही आवडत नाही.”

जाऊ दे. तू नाही म्हणालीस. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की आता त्यातले शब्दच निसटून जातात. त्याबद्दल या पत्रात एवढंच.

तुझी कामं. वकीलबाईंकडे गेलो. चपलांच्या दुकानावर तिसरा मजला, लिफ्टच्या दारात जुन्या फायली रचलेल्या. मी म्हटलं, माझं नाव काढा, तिचं घाला. बाई म्हणाल्या, “पक्षकार तू आहेस का?” नाही. “मग खाली जा. ज्याचा श्वास, त्याचा कागद. त्याला सांग, तो मला सांगेल.” मी म्हटलं, सांगता येत नाही. “का?” मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आंधळ्यासारखं माझ्या दिशेने बघत म्हणाल्या, “नातं खोटं असलं म्हणून कागद पडत नाही. ते ज्याच्यावर भरवसा ठेवतील तो माणूस चालतो, मग तो शेजारी का असेना. पण भरवसा खऱ्या गोष्टीवर हवा. मी सांगणार नाही. तू सांग. अजून सह्या व्हायच्या आहेत.”

तू म्हणतेस सांगू नको, त्या म्हणतात सांग. मधे मी.

गुरुवारी त्या पुन्हा दुकानात आल्या. त्यांची एक पद्धत आहे. ज्याचा कागद त्याला आणि ज्याचं नाव त्याला, दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात. काकांना त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि मला मागे, डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत. नऊ प्रश्न. शुद्ध हरपली आणि परत येणार नसली तर? अन्नाची नळी? दवाखाना की घर? दुखणं थांबवणाऱ्या औषधाने झोप लागून राहिली तर चालेल? पाचवा प्रश्न त्यांनी शब्द फिरवून आठव्या जागी पुन्हा विचारला. बाहेरून काकांचं हसू आणि मग खोकला ऐकू आला. “बाई, ही माझी युक्ती. मी पण तीच काच दोनदा दाखवतो, खरं बोलतायत का बघायला.”

नऊपैकी चार बरोबर. कॉलेजातसुद्धा मी इतका नापास झालो नव्हतो.

सगळ्यात चुकलो नवव्याला. ‘मुलगी वाटेत आहे. यंत्रावर ठेवलं तर ती पोचेपर्यंत श्वास टिकेल. ठेवायचं का?’ मी एका दमात सांगितलं, ठेवायचं. काकांनी सांगितलं होतं, “नाही. तिच्यासाठी तर नाहीच.” बाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, “नळी घालायला कुणीही हो म्हणेल. काढायला तिला सांगावं लागेल. ते मी तिच्यावर टाकणार नाही.”

म्हणून तुझं नाव नाही. तू कमी आहेस म्हणून नाही.

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.


१३ जुलै

काडेपेटी,

चारच बरोबर आले हे वाचून मला बरं वाटलं, मग लाज वाटली. मला किती आले असते कोण जाणे. नवव्याला मीही तुझंच उत्तर दिलं असतं.

तुला आईचं माहीत आहे, पण वरवर. मी बारा वर्षांची होते. तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला आणि एकोणीस दिवस ती यंत्रावर होती. रोज शाळा सुटली की बाबा मला न्यायचे. अर्धा तास. ते चादरीतून तिचा हात बाहेर काढून माझ्या हातात द्यायचे. गरम असायचा. मी तिला शाळेतलं सगळं सांगायचे, कोणाची वही हरवली, कोण कोणाशी बोलत नाही. एकोणीस दिवसांत मी तिच्याशी जेवढी बोलले तेवढी आधी कधीच बोलले नव्हते. विसाव्या दिवशी बाबा म्हणाले, आज नाही जायचं. ते एकोणीस दिवस नसते तर माझ्याजवळ काय असतं? सकाळी डबा देऊन पाठवणारी आई आणि संध्याकाळी बंद दार.

म्हणून आता मी जे मागतेय ते नीट वाच. बाबांना कायमचं यंत्रावर ठेवा, असं मी म्हणत नाही. त्यांनी लिहिलंय ते बरोबरच असेल. मी फक्त एवढं म्हणतेय की ती वेळ आली आणि मी इथे असले, तर मी पोचेपर्यंत नळी घालू दे. दोन दिवस. एक दिवससुद्धा चालेल. हात गरम असताना मला पोचायचंय. मग नळी मी काढायला सांगेन. मला येईल सांगता. बाबांना वाटतं येणार नाही, पण ते मला बारा वर्षांचीच समजतात.

कागदावर तुझं नाव राहू दे. तू बोलशील तेच डॉक्टर ऐकतील. तू माझ्यावर प्रेम करतोस असं गेली तीन वर्षं सांगतोयस. मी कधी काही मागितलं नाही. हे मागते. एवढं केलंस तर मी आल्यावर बाकीचं पुन्हा बोलू. बोलू, एवढंच म्हणतेय.


२२ जुलै

प्रिय,

हो. वचन दिलं.

काल सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून वकीलबाईंच्या ऑफिसखालचे चपलांच्या दुकानाचे मालक आणि निवृत्त भूगोलाच्या बाई. शिक्का मारायला आलेला अधिकारी म्हणाला, आलोच आहे तर डोळे तपासून घेतो. काकांनी श्वास पुरवत पुरवत त्याला तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत नेलं. शेवटी म्हणाले, “साहेब, तुम्हाला चष्म्याची नाही, झोपेची गरज आहे.”

मग मला ‘मी या इच्छेप्रमाणे वागेन’ याच्याखाली सही करायला लावली. तुझं पत्र शर्टाच्या खिशात होतं. सही केली. तीच, कॉलेज सोडल्याच्या अर्जावर केली होती तशी, लांबलचक.

काका माझा हात दाबून म्हणाले, “आता मी मोकळा.”

तू म्हणालीस बोलू. मी त्यावर जगतोय. तू सांगशील ते करीन.

तुझा


३ ऑगस्ट

प्रिय काडेपेटी,

लायकी नसताना ‘प्रिय’ परत मिळालंय, जपून ठेव.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी महिन्यात पहिल्यांदा सलग झोपले. वचनाबद्दल पुन्हा लिहीत नाही, शब्द हलके होतात.

इकडचं सांगते. माझ्या मार्गदर्शक बाईंना मी वर्षभर घाबरत होते, आणि काल कळलं की त्या माझ्या शेवाळाच्या काचपट्ट्यांना घाबरतात, फुटतील म्हणून हात लावत नाहीत. खोलीच्या खिडकीबाहेर एक नळ ठिबकतो, त्याच्याखाली आपोआप उगवलेलं शेवाळ मी जोपासलेल्या सगळ्यांपेक्षा हिरवं आहे. बाबांना सांग, त्यांना हसू येईल. म्हणतील, तरी सांगत होतो, कशाला शिकायला गेलीस, नळ इथेही ठिबकतो. त्यांना सांग की त्यांनी बनवून दिलेल्या चष्म्याची उजवी काडी कानाला टोचते. मला ती वाकवता येते, पण मी वाकवलेली नाही. आले की त्यांच्याकडूनच वाकवून घेईन. चौदा सप्टेंबरचं तिकीट काढलंय.

तूही भांडू नकोस कुणाशी. निदान चौदापर्यंत.


२१ ऑगस्ट

शेवाळबाई,

काकांचा श्वास आता वाक्य पुरं होऊ देत नाही. तीन-चार शब्द, मग थांबतात, मग पुढचे. दुकानात खाटच टाकली आहे, घरी राहायचं नाही म्हणतात. डोळे मी तपासतो आणि नंबर तेच लिहायला सांगतात.

मी त्यांना सांगितलं. आपलं मोडल्याचं. तू नको म्हणाली होतीस. पण रोज ते मला ‘जावईबापू, ती खालची पेटी द्या’ म्हणायचे आणि मी द्यायचो. शनिवारी पेटी दिली नाही आणि सांगून टाकलं. मला वाटलं आता काही होतंय. त्यांनी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाले, “तिने... नाही म्हटलं?” हो. “का?” मी म्हटलं, मी भडक आहे म्हणून. तर हसले. “बरोबर आहे... तिचं.” मग त्यांनी कपाटातून कागद काढायला लावला आणि ‘होणारा जावई’ यावर आडवी रेघ मारली. मला वाटलं, आता नावही खोडणार. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “जावई गेला... म्हणून कारागीर... जातो का लेका?”

वकीलबाई सोमवारी आल्या आणि रेघ बघून दोघांनाही झापलं. सही झालेल्या कागदावर खाडाखोड चालत नाही. सगळा कागद नव्याने, पुन्हा तेच साक्षीदार, पुन्हा तोच झोपाळू साहेब. पण या वेळी ‘मी या इच्छेप्रमाणे वागेन’ हे मी दोनदा वाचलं, मग सही केली. कारण आदल्या दिवशी त्यांनी मला आणखी एक सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणाले. मी सांगतोय. रागाव.

मी त्यांना विचारलं होतं, माझंच नाव का, पहिल्या दिवशी ‘म्हणून तर’ असं का म्हणालात. तर म्हणाले, नाही म्हणायला माणूस जरा भडक लागतो. तुझ्या आईच्या वेळी डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की आता आत कुणी नाही. काकांना ‘यंत्र नको’ म्हणता आलं नाही. “मी फार... गोड माणूस होतो.” सोळा दिवस ते उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले. तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. टाचा काळ्या पडल्या होत्या. तू यायच्या आधी ते मानेपर्यंत चादर ओढायचे आणि एकच हात बाहेर ठेवायचे. तो हात पंधरा मिनिटं स्वतःच्या हातात धरून, चोळून गरम करायचे. मग तुला आत आणायचे.

मी तुला वचन दिलंय. ते मी पाळू शकेन असं मला वाटत नाही. मला त्यातून सोडव. किंवा आत्ता ये. परीक्षा पुढे ढकल, बुडव, काहीही कर. त्यांना अजून तीन-चार शब्द बोलता येतात. हात आत्ता गरम आहे, कुणी न चोळता. मी पाया पडतो, ये.


३१ ऑगस्ट

तू वचन दिलंस आणि महिन्याच्या आत परत मागतोयस.

मी तुला ओळखते. मला लवकर आणायचं होतं तर सरळ लिहायचंस. आजाराचा, आईचा आधार कशाला घेतलास? बाबांशी परवा फोनवर बोलले. तीन-चार शब्द नाही, चांगलं अर्धं मिनिट बोलले. म्हणाले, मी ठीक, तू परीक्षा दे. आणि हात चोळून गरम केला म्हणे. मी तो हात धरला होता. मला माहीत आहे तो कसा होता. त्यावर तू पुन्हा एक शब्द लिहू नकोस.

मी वचनातून सोडवत नाही. चौदाला येतेय. तोवर तुझं काम एवढंच की मी सांगितलंय तसं वागायचं.


९ सप्टेंबर

तू दोन गल्ल्या पलीकडे आहेस आणि मी पत्र लिहितोय. ही चिठ्ठी दाराखालून सरकवीन. तू चार दिवस माझ्याशी बोललेली नाहीस आणि मी बोलायला आलेलो नाही. पण त्या दिवशी काय झालं ते माझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

आधी ते फोनचं. तुझ्याशी अर्धं मिनिट बोलायला त्यांनी सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. श्वास साठवत होते. फोन ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत एक शब्द निघाला नाही. हे मी तेव्हाच कळवायला हवं होतं. तुझं पत्र आलं आणि मी चिडून बसलो. ते माझं.

पाच तारखेला दुपारी एकच्या सुमाराला त्यांचे ओठ निळे पडले. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळी घातली तर काही दिवस निघतील, पण मग ती काढेपर्यंत तेच. नाही घातली तर काही तास, त्रास होणार नाही असं औषध देऊ. मी तुला फोन लावला. तू म्हणालीस, घाला, मी निघाले. बाईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. तू म्हणालीस, त्याला विचारू नका, मी मुलगी आहे. बाईंनी कागद बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं होतं. हे तुला कळलं पाहिजे. मला त्या क्षणी काका दिसत नव्हते. तू दिसत होतीस, दारातून धावत येणारी, आणि मी बाजूला उभा, आणि तू माझ्याकडे बघतेस. मला ते इतकं हवं होतं की दात आवळून धरावे लागले. मग मी म्हणालो, नळी नको.

तू म्हणालीस, “तू वचन दिलं होतंस.” आणि फोन बंद झाला. मी विचारणार होतो की फोन त्यांच्या कानाशी धरू का. पुन्हा लावला, लागला नाही. सात वेळा लावला.

औषधानंतर ते शांत झाले. मी खुर्ची ओढून बसलो. तुझं तीन ऑगस्टचं पत्र खिशात होतं ते वाचून दाखवलं. ठिबकता नळ, मार्गदर्शक बाई, चष्म्याची काडी. वचनाची ओळ गाळली. दोनदा वाचलं. काडीच्या जागी त्यांची बोटं हलली असं मला वाटलं. नर्स म्हणाली, तसं होतं, त्याचा अर्थ नसतो. तुला खोटं सांगत नाही.

संध्याकाळी पावणेआठला श्वास थांबला. मी शेवटपर्यंत हात धरला होता. गरम होता. नंतर तू येईपर्यंत तो तसा राहावा म्हणून मी काही करू शकलो असतो तर केलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तू आलीस.

माफी मागत नाही. मागितली तर मी चुकलो असं होईल, आणि मग त्यांनी ज्यासाठी माझं नाव लिहिलं ते खोटं ठरेल. पण तू आत आलीस, चादरीखालचा हात धरलास आणि लगेच सोडलास, ते मी दारातून बघितलं. ते मला दिसत राहतं, मग मी काहीही करत असलो तरी.


११ नोव्हेंबर

पुढे ढकललेली परीक्षा झाली. पास झाले. कुणाला सांगावं कळेना, म्हणून आधी हे लिहायला बसले, आणि पहिलंच वाक्य हे निघालं.

तुझी चिठ्ठी मी इथे आणली. दोन महिने रोज हातात घेतली, वाचली नाही. काल वाचली.

वकीलबाईंनी मला दवाखान्यातले आईचे जुने कागद काढून दिले. मीच मागितले होते. तिसऱ्या दिवसाची नोंद आहे. पाठीची आहे. टाचांची आहे. तू खरं लिहिलं होतंस आणि मी तुला खोटारडा म्हटलं. ते मागे घेते.

फोन मी ठेवला. तू नाही. तिकिटासाठी पळत होते, पण खरं म्हणजे तुझा आवाज ऐकवत नव्हता म्हणून ठेवला. तू सात वेळा लावलास ते माझ्या फोनवर आहे. गाडीत बसल्यावर मी ते बघितलं होतं, आणि उचलून लावला नाही. त्या वेळी ते जिवंत होते. त्यांच्या कानाशी माझा आवाज गेला असता. हे माझं आहे, ते मी तुझ्यावर टाकत नाही.

तू बाबांचं ऐकलंस. त्यांना जसं हवं होतं तसं झालं, दुखलं नाही, कुणाला उद्या उद्या करावं लागलं नाही. त्यांनी योग्य माणूस नेमला. मला हे पटतं. कुणी विचारलं तर मी असंच सांगीन.

पण मला अकरा तास हवे होते. ते तुझ्याजवळ होते, आणि तुला माहीत होतं मला ते हवेत, आणि तू दिले नाहीस. तू बरोबर होतास म्हणून ते मला परत मिळत नाहीत. तुझा चेहरा समोर आणला की मला बाबा दिसत नाहीत, ते अकरा तास दिसतात. यात तुझी चूक नाही. म्हणूनच यावर काही उपाय नाही. चूक असती तर तू माफी मागितली असतीस, मी भांडले असते, आणि आपण केव्हातरी थांबलो असतो.

दुकान तू चालव. तसं मी वकीलबाईंना लिहून दिलंय, आढेवेढे घेऊ नकोस. तिथे यायला मला जमणार नाही.

याचं उत्तर पाठवू नकोस. राग येईल तेव्हा लिही, पण पोस्टात टाकू नकोस.